साक्षीदाराची परीक्षा

एखाद्याविरुद्ध तक्रार आपल्या कानीं आली म्हणजे मन तत्काळ दोहोंपैकीं एका बाजूस झुकतें. तक्रार करणारा आपल्या विश्वासांतील असला तर ज्याच्याविरुद्ध ती आहे तो दोषी ठरतो. आणि तक्रार करणाराच आपल्याला नकोसा असला तर तोच दोषी ठरतो. दोन्ही वेळां चौकशी अशी कांहीं होत नाहीं. चौकशी केल्याचें समाधान मात्र मिळतें. या दोन वाटांखेरीज तिसरी वाट आहे काय, आणि असल्यास ती नित्याच्या व्यवहारांत चालण्याजोगी आहे काय, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे तितकाच प्रमाणशास्त्राचाहि आहे. आम्ही सुमारें तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आलों. परंतु या प्रश्नाची उकल गेल्या उन्हाळ्यांत एका मोटारगाडीच्या मागच्या आसनाखालीं आम्हांस जितकी स्पष्ट दिसली, तितकी ती ग्रंथांत कधीं दिसली नव्हती, हें आरंभींच कबूल करतों.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब आमच्या कन्येकडे अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहिलों होतों. आमचे जांवई विद्युत्-शास्त्राचे अभियंते. त्यांची गाडी बारा वर्षांची, पण निगेंत ठेवलेली. एके सकाळीं चालकापुढील तबकड्यांमध्यें एंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा लागला तो लागलाच. गाडी चालत होती पूर्वींसारखीच. परंतु कन्येचा चेहरा उतरला, कारण पुढील महिन्यांत गाडीची सरकारी तपासणी होती. त्या राज्यांत १९९६ नंतरच्या पेट्रोलच्या गाडीची तपासणी म्हणजे गाडींतील संगणकास आपलें यंत्र जोडून, गाडी स्वतःविषयीं काय सांगते तें वाचणें. तो दिवा लागलेला असला कीं गाडी नापास. म्हणजे तेथें आरोपी गाडी, आणि मुख्य साक्षीदारहि गाडीच!

हा दिवा कशाविषयीं बोलत होता तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोल हा उडून जाणारा पदार्थ आहे. गाडी उभी असली तरी टाकींत त्याची वाफ होतच असते. ही वाफ आणि एंजिनांतून निघणारे वायु यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारें धुरकट धुकें पसरतें, असें हागेन-स्मिट नांवाच्या, जन्मानें डच असलेल्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. पुढें १९७० सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियांत आणि १९७१ पासून सर्व अमेरिकेंत टाकीची वाफ मोकळी सोडण्यास बंदी झाली. तेव्हांपासून ही वाफ एका नळीनें कोळशाच्या डब्यांत नेतात. कोळसा ती शोषून ठेवतो. एंजिन चालूं झालें म्हणजे एक झडप उघडते, दुसऱ्या बाजूनें डब्यांत ताजी हवा शिरते, आणि सांठलेली वाफ एंजिनांत ओढली जाऊन जळते. कोळशाचा डबा आपल्याकडील गाड्यांतहि असतो. परंतु १९९६ पासून अमेरिकेंत आणखी एक अट आली: या साऱ्या व्यवस्थेंत कोठें गळती आहे काय, हें गाडीनें स्वतःच वेळोवेळीं तपासलें पाहिजे. प्रथम सुमारें एक मिलिमीटर व्यासाचें भोंक ओळखतां आलें तरी पुरे होतें. २००० सालापासून क्रमाक्रमानें ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आली.

ही तपासणी मोठी सुबक आहे. संगणक बाहेरची हवा आंत घेणारी झडप बंद करतो, एंजिनाच्या ओढीनें टाकींतील हवा किंचित् विरळ करतो, आणि मग एंजिनाकडील झडपहि बंद करतो. आतां कांहीं आंत जाणें नाहीं, कांहीं बाहेर येणें नाहीं. आंतील ओढ टिकून राहिली तर भांडें धड आहे. ती भराभर कमी झाली, किंवा मुळीं निर्माणच झाली नाहीं, तर कोठें तरी भोंक आहे. वातावरणाचा दाब सुमारें चौतीस फूट उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्यापुढें टाकींतील ही ओढ म्हणजे अवघे कांहीं इंच. हा सूक्ष्म फरक ओळखण्यासाठीं टाकीच्या माथ्यावर अंगठ्याएवढा एक दाबमापक बसविलेला असतो. त्यांत एक पातळ पडदा. त्याच्या एका बाजूस टाकी आणि दुसऱ्या बाजूस उघडी हवा. पडदा जसा वांकेल तसा एका तारेवरील व्होल्टचा आकडा बदलतो. दाबमापकास तारा तीन: एक पांच व्होल्टचा पुरवठा करणारी, एक परतीची, आणि एक निरोप नेणारी.

येथें ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, संगणकानें टाकी कधीं पाहिलेली नाहीं. त्यास टाकीविषयीं जें कांहीं कळतें तें या एका तारेवरून. तारेवर जो आकडा येईल तीच त्याच्या लेखीं टाकी.

संगणकानें नोंदलेला दोष ‘पी ०४५५’ या अंकाचा होता. त्याचा अर्थ ‘मोठी गळती’. दुरुस्तीच्या दुकानांत प्रथम टाकीचें झाकण बदललें. यांत कांहीं वावगें नव्हतें. झाकणाच्या आंतील रबरी कडें जुनें होऊन चिरतें, हें पुष्कळदां घडतें. चार दिवसांनीं दिवा पुन्हां लागला. दुसऱ्या खेपेस दुकानदारानें सांगितलें कीं, आतां कोळशाचा डबा बदलला पाहिजे. खर्च कित्येक शें डॉलर. यांत त्याचें कांहीं कपट होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यानें अंक वाचला, अंकाचा अर्थ पुस्तकांत पाहिला, आणि ज्या ज्या वस्तूंतून गळती होऊं शकते त्या एकामागून एक आरोपीच्या पिंजऱ्यांत उभ्या केल्या. त्याच्या कामांत उणें एवढेंच होतें कीं, साक्षीदारास त्यानें एकहि प्रश्न विचारला नव्हता.

आम्ही कन्येस म्हणालों कीं, तज्ज्ञ सांगतो आहे तर डबा बदलून घ्यावा. जांवई म्हणाले, “बाबा, गळती आहे असें म्हणतें कोण? टाकी तर म्हणत नाहीं.”

त्या शनिवारीं सकाळीं त्यांनीं गाडी रात्रभर थंड झालेली पाहून टाकीचें झाकण काढलें आणि थोडा वेळ तसेंच राहूं दिलें. चालकाच्या गुडघ्यांजवळ असणाऱ्या जोडणींत एक हातांतील यंत्र लावलें. संगणकाच्या कानावर कोणता आकडा येतो आहे, तें त्यांत दिसतें. मग ते आम्हांस म्हणाले, “आतां सांगा, टाकीच्या आंतला दाब आणि बाहेरचा दाब यांत फरक किती?” टाकीचें तोंड उघडें, आंतबाहेर हवा एकच, फरक कांहीं असणें शक्यच नव्हतें. हें सांगण्यास ना पुस्तक हवें, ना तज्ज्ञ. त्या गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकाप्रमाणें अशा स्थितींत तारेवर दीड व्होल्टच्या आसपास आकडा यावयास हवा होता. यंत्रांत दिसत होता जवळजवळ तीन. झाकण लावलें, तीन. एंजिन चालूं करून टाकींतील हवा ओढली, तरी तीन. टाकी उघडी असो वा बंद, साक्षीदाराची जबानी एकच!

“झालें तर मग,” आम्ही म्हणालों, “साक्षीदार खोटा आहे. बदलून टाका.”

जांवई हंसले. “इतक्यांत नाहीं, बाबा. तो खोटें बोलतो, कीं त्याचें बोलणें वाटेंत बिघडतें, हें कोठें कळलें?”

आम्हांस मनांतल्या मनांत थोडी लाज वाटली. दुकानदारानें टाकीविषयीं जी घाई केली होती, तीच आम्हीं दाबमापकाविषयीं केली होती. फरक इतकाच कीं आमची घाई दुसऱ्या दिशेची होती. जांवयांनीं मागचें आसन उचललें, त्याखालील पत्र्याचें झाकण काढलें, आणि दाबमापकाची जोडणी सोडविली. पुरवठ्याची तार आणि परतीची तार यांमध्यें पांच व्होल्ट आहेत काय तें पाहिलें, होते. म्हणजे साक्षीदारास उपाशी ठेवून त्याच्याकडून भलतें वदविलें जात होतें असें नव्हे. निरोपाची तार मोकळी सोडतांच संगणकाचा आकडा एका टोकास गेला. तीच तार पुरवठ्याच्या तारेस जोडतांच आकडा दुसऱ्या टोकास गेला. म्हणजे निरोप्या प्रामाणिक होता, आणि ऐकणाराचे कानहि शाबूत होते. इतकें झाल्यावर मात्र दाबमापकावर दोष ठेवण्यास जागा झाली. पेट्रोलच्या वाफेजवळ ठिणगी पडूं नये म्हणून बॅटरी सोडून त्यांनीं तो काढला आणि नवा बसविला. त्याची किंमत कोळशाच्या डब्याच्या मानानें अगदीं थोडी होती. नव्या साक्षीदारानें टाकी उघडी असतां दीड व्होल्ट सांगितले, आणि टाकी बंद करून हवा ओढली तेव्हां ओढ जशीच्या तशी टिकली. टाकी, डबा आणि पहिलें झाकण हीं तिन्हीं निर्दोष होतीं. त्यांपैकीं एकास तर शिक्षाहि होऊन चुकली होती.

हा सर्व प्रकार आम्ही हातांत विजेरी धरून पाहत होतों, आणि इतकीं वर्षें ज्या वादावर व्याख्यानें दिलीं तो वाद आमच्यापुढें जिवंत होऊन उभा होता. आपल्या दर्शनकारांमध्यें ज्ञानाच्या प्रामाण्याविषयीं फार जुना झगडा आहे. कुमारिल भट्टादि मीमांसकांचें म्हणणें असें कीं, ज्ञान उत्पन्न होतें तें प्रमाण म्हणूनच उत्पन्न होतें. त्याचें प्रामाण्य स्वतःसिद्ध असतें, तें दुसऱ्या कशानें सिद्ध करावें लागत नाहीं. अप्रामाण्य मात्र बाहेरून कळतें: एक तर ‘ही वस्तु तशी नाहीं’ असें उलट ज्ञान पुढें येतें, किंवा ज्या साधनानें ज्ञान झालें त्यांतच दोष सांपडतो. नैयायिकांस हें मान्य नाहीं. त्यांच्या मतें ज्ञान झालें एवढ्यावरून तें खरें ठरत नाहीं. दूर पाणी दिसलें. तें पाणी कीं मृगजळ हें जाऊन प्यायल्यावर, तहान भागल्यावर ठरावयाचें. प्रामाण्य परतः, म्हणजे ज्ञानाहून दुसऱ्या कशावरून, निश्चित होतें. गंगेशोपाध्यायांनीं तत्त्वचिंतामणींत या वादास एक संबंध प्रकरण दिलें आहे, आणि त्यानंतर किती पंडितांच्या पिढ्या त्यांत गढून गेल्या याची गणती नाहीं.

विद्यार्थी आम्हांस विचारीत, “सर, यांत खरें कोणाचें?” आम्ही दोन्ही पक्षांचे गुणदोष सांगून तास संपवीत असूं. आतां आम्हांस वाटतें कीं, प्रश्न ‘खरें कोणाचें’ हा नसून ‘कोणत्या प्रसंगीं कोणाचें ऐकावें’ हा आहे. रोजचा व्यवहार मीमांसकांच्या मतानेंच चालतो आणि तसाच चालला पाहिजे. दूधवाला दूध देतो, घड्याळ वेळ सांगतें, मुलगी ‘डोकें दुखतें’ म्हणते. प्रत्येक वेळीं पुरावा मागूं लागलों तर संसार एक दिवस टिकणार नाहीं. विश्वास हा माणसामाणसांतील व्यवहाराचा मूळ नियम आहे आणि संशय हा अपवाद आहे. परंतु ज्या क्षणीं एखाद्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यास शिक्षा करावयाची असते, त्याची वस्तु, त्याचें नांव किंवा त्याची जागा हिरावून घ्यावयाची असते, त्या क्षणीं नैयायिकाची भूमिका घेणें हें केवळ शहाणपण नव्हे, तें कर्तव्य आहे. जगावें मीमांसकासारखें; दंड करावयाचा तो नैयायिकासारखा करावा.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मीमांसकांनींच घेतलेला आहे. एका ज्ञानाची परीक्षा दुसऱ्या ज्ञानानें करावयाची, तर त्या दुसऱ्याची कोणी करावी? तिसऱ्यानें? मग तिसऱ्याची? यास शास्त्रांत अनवस्था म्हणतात. आम्हींहि त्या दिवशीं जांवयांस विचारलें होतें, “तुमचें व्होल्टमापक खरें कशावरून?” त्यांनीं कांहीं न बोलतां खणांतून एक नवा करकरीत सेल काढला आणि त्यावर मापकाचीं टोकें टेकविलीं, दीड व्होल्टहून किंचित् अधिक असा, नव्या सेलचा यावा तसा, आकडा आला. सेलची परीक्षा कोणी केली, असें आम्ही पुढें विचारूं शकलों असतों. पण विचारलें नाहीं, आणि न विचारण्यांत कांहीं चूक झाली असें आम्हांस वाटत नाहीं. परीक्षेची सांखळी अचूक साक्षीदारापाशीं थांबत नाहीं, कारण असा साक्षीदार जगांत नाहीं. ती थांबते ती अशा ठिकाणीं, जेथें उत्तर काय यावें याविषयीं फिर्यादी, आरोपी आणि न्यायाधीश या तिघांत मतभेद उरत नाहीं. टाकीचें झाकण काढलें म्हणजे आंतबाहेर दाब सारखाच. येथें विद्वान् आणि अडाणी दोघे एकाच पायरीवर असतात. साक्षीदारास प्रथम अशा ठिकाणीं नेऊन उभें करावें, आणि तेथें तो काय बोलतो तें ऐकावें. मात्र तें ठिकाण त्या साक्षीदाराच्या सांगण्यावरून ठरविलेलें नसावें. तें आपणांस अन्य मार्गानें ठाऊक असलेलें असावें. या लेखांत यापुढें आम्ही त्यास ‘उघडी टाकी’ असेंच म्हणूं.

साक्षीदाराची अशी परीक्षा न झाल्यास काय होतें, याचें अलीकडचें उदाहरण फार दारुण आहे. बोइंग कंपनीच्या ७३७ मॅक्स जातीचें एक विमान २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत समुद्रांत पडलें आणि दुसरें १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत जमिनीवर आदळलें. दोहोंत मिळून ३४६ माणसें मेलीं. विमानाचें नाक हवेच्या प्रवाहाशीं किती उचललेलें आहे हें सांगणारे मापक विमानास दोन असतात; परंतु नाक आपोआप खालीं दाबणारी जी नवी योजना त्यांत केली होती, ती एका वेळीं एकाच मापकाच्या सांगण्यावर विसंबून होती. त्या मापकानें चुकीचें सांगितलें आणि यंत्रानें तें प्रमाण मानून नाक पुनःपुन्हां खालीं दाबलें. शेजारीं दुसरा साक्षीदार उभा होता. त्यास कोणी विचारलें नाहीं.

येथवर वाचून वाचकांचा असा ग्रह होण्याचा संभव आहे कीं, तक्रार करणारावर संशय घ्यावा एवढेंच आमचें सांगणें आहे. तसें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें, कारण तो संशय घेण्याची कला आपल्या समाजास शिकवावी लागत नाहीं. त्याच दाबमापकाची दुसरी बाजू जांवयांनींच आम्हांस सांगितली. कांहीं लोक टाकी भरली तरी आणखी थोडें, आणखी थोडें असें करून पेट्रोल गळ्यापर्यंत भरतात. तें कोळशाच्या डब्यांत शिरतें, कोळशाचा भुगा होतो, आणि हवा येण्याची वाट बुजते. मग टाकींत खरोखरच नको तितकी ओढ निर्माण होते. दाबमापक तसें इमानानें सांगतो, दिवा लागतो. आणि घाईचा कारागीर ‘असा आकडा असणें शक्य नाहीं’ म्हणून दाबमापकच बदलून टाकतो! नवा दाबमापकहि तेंच सांगतो, तेव्हां तोहि बदलतात. वास्तविक झाकण उघडतांना ‘फुस्स’ असा आवाज झाला, आणि उघडल्यावर आकडा शून्यावर आला, एवढ्यावरूनच कळावें कीं हा साक्षीदार खरें बोलत होता. म्हणजे ‘उघडी टाकी’ ही साक्षीदारास पकडण्याची युक्ति नाहीं; ती खऱ्या साक्षीदाराची सुटका करण्याचीहि वाट आहे.

अमेरिकेंतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत २८ मार्च १९७९ रोजीं जो अपघात झाला, त्यांत या दोन्ही चुका एकत्र घडल्या. एक झडप उघडी अडकून राहिली होती आणि तींतून पाणी निघून जात होतें. पण फलकावरील दिवा ‘बंद’ असें सुचवीत होता. तो दिवा झडपेची स्थिति सांगतच नव्हता. झडपेस बंद होण्याची आज्ञा गेली, एवढेंच सांगत होता. त्यावर विश्वास ठेवला गेला. उलट, झडपेपुढील नळीचें उष्णतामान वाढलेलें दिसत होतें. तें ‘ही झडप पूर्वींपासूनच थोडी गळते’ म्हणून सोडून दिलें. अणुभट्टीच्या गाभ्यांतील उष्णतामापक भलतेच मोठे आकडे सांगूं लागले. ते भलतेच मोठे होते म्हणूनच खोटे मानले गेले. सोईचें सांगणारा खरा ठरला आणि भयंकर सांगणारा खोटा ठरला. गाभ्याचा बराच भाग त्या दिवशीं वितळला.

हें वाचतांना आम्हांस अणुवीजकेंद्रापेक्षां आपलीं घरेंच अधिक आठवतात. सासरीं नव्यानें आलेली मुलगी ‘या घरांत अमुक एक बरें चाललेलें नाहीं’ असें म्हणाली, तर आपण त्या ‘अमुका’कडे पाहत नाहीं; मुलगी तक्रारखोर आहे असें ठरवितों. वृद्ध आई ‘छातींत कसेंसेंच होतें’ म्हणते. दहा वेळां म्हणाल्यावर अकराव्या वेळीं आपण वर्तमानपत्रांतून डोके वर काढीत नाहीं. नेहमीं तक्रार करणारा मनुष्य खोटा असतो असें आपण धरून चालतों. पण नेहमीं तक्रार करण्याचें कारण नेहमीं चालूं असणारा दोष हेंहि असूं शकतें. जो बोलतो त्यास बदलावें म्हणजे बोलणें थांबतें, आणि बोलणें थांबलें म्हणजे दोष गेला असें वाटतें. दिव्यावर कापडाची चिकटपट्टी लावून निर्धास्तपणें गाडी हांकणारे लोकहि आहेत म्हणतात.

आतां जें सांगावयाचें तें सांगण्यास आम्हांस सुख वाटत नाहीं. पण तें न सांगतां वरील उपदेश करणें अप्रामाणिकपणाचें होईल. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही एका महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे प्रमुख होतों. रात्रीं दहानंतर फाटकांत येण्यास बंदी होती, आणि येणाराजाणाराची वेळ पहारेकरी नोंदवहींत लिहीत असे. एका आठवड्यांत एका विद्यार्थ्याच्या नांवापुढें चार दिवस दहा वाजून दहा, पंधरा, वीस मिनिटें अशा वेळा आढळल्या. मुलगा गरीब घरचा. संध्याकाळीं एका छापखान्यांत मुद्रितें वाचून खर्च भागवीत असे. आम्हीं त्यास बोलाविलें. तो म्हणाला, “सर, मी रोज दहाच्या आंत आलों आहें.” आम्हीं नोंदवही त्याच्यापुढें सरकविली आणि विचारलें, “मग ही वही खोटें बोलते काय?” यास तो काय उत्तर देणार? तो गप्प राहिला, आणि त्याचें गप्प राहणें आम्हीं कबुलींत धरलें. वसतिगृहांतून त्याचें नांव कमी केल्याची सूचना भोजनगृहाच्या दाराशीं लागली.

पुढें महिन्याभरानें रात्रींच्या गाडीनें आम्हांस परगांवीं जावयाचें होतें. फाटकाशीं रिक्षाची वाट पाहत असतां पहारेकऱ्याच्या खोलींतील भिंतीवरच्या घड्याळाकडे सहज दृष्टि गेली. तें आमच्या मनगटावरील घड्याळापेक्षां पंचवीस मिनिटें पुढें होतें. सत्राच्या आरंभीं त्याची बॅटरी बदलली तेव्हां कोणीं तरी अंदाजानें कांटे लावले होते. पहारेकरी प्रामाणिक होता. घड्याळांत जें दिसे तेंच तो लिही. परत आल्यावर आम्हीं ती वही उघडली. नियम सर्वांस सारखा म्हणून आमचीहि जाण्यायेण्याची वेळ लिहिली जावी, असें आम्हींच पूर्वीं सांगून ठेवलें होतें. आमचा तास अकरा वाजतां असे, आणि घंटेच्या वेळीं आम्ही वर्गांत नाहीं असा एक दिवसहि गेला नव्हता. वहींत मात्र आम्ही रोज अकरा वाजून दहा मिनिटांनीं फाटकाबाहेर पडत होतों!

आमची ‘उघडी टाकी’ तीच होती. तिच्यासाठीं ना यंत्र हवें होतें, ना शास्त्र. चार पानें मागें उलटून आपल्याच नांवाची ओळ वाचावयास हवी होती. ती आम्हीं वाचली नाहीं, कारण त्या मुलाविरुद्ध वही पाहतांना ती वही आपल्याविषयींहि कांहीं सांगत असेल हें आमच्या मनांतच आलें नाहीं. न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या माणसाचा हा नेहमींचा दोष असावा. ज्या साक्षीनें तो दुसऱ्यास तोलतो, तीच साक्ष स्वतःविषयीं काय म्हणते हें त्यानें आधीं पाहिलें, तर निम्मे अन्याय होण्यापूर्वींच टळतील.

आम्हीं घड्याळ नीट करविलें, शिक्षा रद्द केली, तशी सूचनाहि त्याच दाराशीं लावली. पण पहिली सूचना जेवावयास येणाऱ्या साऱ्या मुलांनीं वाचली होती. दुसरी लागली तेव्हां परीक्षेनंतरची सुटी सुरू झालेली होती. शहरांत खोली घेण्याचें त्या मुलास परवडलें नव्हतें; तो सत्र संपण्यापूर्वींच गांवीं निघून गेला होता.

न्यू जर्सींतील त्या गाडीविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. नवा दाबमापक बसवून जांवयांनीं संगणकांतील दोषाची नोंद पुसली आणि दिवा विझला. आम्हांस वाटलें, आतां गाडी तपासणीस नेतां येईल. परंतु तसें नव्हतें. नोंद पुसली कीं गाडीच्या संगणकास आपल्या एकेक भागाची परीक्षा पुन्हां करावी लागते. त्यासाठीं गाडी कांहीं दिवस चालवावी लागते, रात्रभर थंड होऊं द्यावी लागते, टाकी ना रिकामी ना भरलेली अशी ठेवावी लागते. ती परीक्षा पुरी झाली आहे काय, हेंहि सरकारी तपासनीस पाहतो. केवळ विझलेल्या दिव्यावर तो गाडी पास करीत नाहीं. आरोप पुसणें निराळें आणि निर्दोषपणा पुन्हां प्रस्थापित होणें निराळें, हें गाड्यांच्या बाबतींत तेथील कायद्यानें ओळखलें आहे. कन्येची गाडी पुढें पंधरा दिवसांनीं तपासणींत उतरली.

त्या मुलास आम्हीं त्याच्या गांवच्या पत्त्यावर पत्र लिहिलें होतें. त्यांत घड्याळाची हकीकत सविस्तर होती आणि परत येण्याविषयीं विनंतीहि होती. तें त्यास पोंचलें कीं नाहीं, हें आम्हांस कळलें नाहीं. पत्रास उत्तर आलें नाहीं. आणि उत्तराची अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस होता, असेंहि आम्हांस आतां वाटत नाहीं.